तिकिटापासून सहीपर्यंत: चाहत्यांची कदर करणारे कलावंत आणि वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरासाठी लोकप्रिय गायक-वादक आणि त्यांचे चाहते या विषयावर प्रश्न मागवले होते. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

सातारा: समाजमाध्यमांवर प्रत्येक गायक चाहत्याला मिठी मारताना दिसतो. त्यातलं खरं किती आणि देखाव्याचं किती, हे दुरून कसं ओळखायचं?

मिठीवरून काही ठरवू नका. सगळ्यात मागच्या रांगेत बसलेल्या माणसासाठी तो कलावंत काय व्यवस्था करतो, ते पाहा.

अमेरिकन गायक-पियानोवादक बिली जोएल यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेची तिकिटं विक्रीलाच काढत नसत. कार्यक्रम सुरू होण्याआधी त्यांची माणसं वरच्या, लांबच्या खुर्च्यांकडे जात आणि तिथल्या लोकांना पुढे आणून बसवत. याचं कारण त्यांनी स्वतः मुलाखतीत दिलं आहे. पुढची तिकिटं दलालांमार्फत श्रीमंतांच्या हाती जायची, आणि ती मंडळी 'करा आमची करमणूक' अशा आविर्भावात बसून राहायची. सगळ्यात महाग विकली गेली असती अशी रांग सोडून देणं म्हणजे प्रत्येक कार्यक्रमात ठरवून नुकसान सोसणं. अशी गोष्ट कॅमेऱ्यापुरती करता येत नाही.

अमेरिकेच्या कंट्री संगीतातले गायक गार्थ ब्रुक्स यांचीही अशीच ख्याती आहे. 1996 साली नॅशव्हिलच्या 'फॅन फेअर' या जत्रेत ते आगाऊ घोषणा न करता पोहोचले आणि सलग 23 तासांहून जास्त वेळ सह्या देत राहिले. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. आमच्या मते मात्र त्यांची दुसरी सवय अधिक मोलाची आहे. एखाद्या शहरात तिकिटं संपली की ते तिथेच आणखी खेळ लावतात, मागणी संपेपर्यंत. चौपट भावाने विकायला तिकिटं दाबून ठेवलेल्या दलालाच्या हातात मग ती तशीच राहतात, कारण तेच तिकीट खिडकीवर मूळ भावात मिळत असतं. यासाठी कलावंताला एकेका गावात आठवडाभर मुक्काम करावा लागतो आणि गळ्याचीही कसोटी लागते.

आणखी एक खूण म्हणजे कार्यक्रम फसल्यावर तो काय करतो. त्याबद्दल पुढे कोल्हापूरच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

ठाणे: नेरूळला झालेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमात काहींना दोन हजारांत तिकीट मिळालं म्हणतात. ती कोणती योजना? अशी संधी पुन्हा आली तर काय काळजी घ्यायची?

ही 'इन्फिनिटी तिकीट' योजना. जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कार्यक्रम झाले. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये नेहमीची तिकिटं काही मिनिटांत संपली आणि बाहेर अनेक पटींनी विकली जाऊ लागली. प्रकरण मुंबई पोलिसांपर्यंत गेलं. पुढे 22 नोव्हेंबरला 2,000 रुपयांची इन्फिनिटी तिकिटं निघाली. हा बँड जिथे जातो तिथे अशी थोडी तिकिटं राखून ठेवतो आणि त्यांची किंमत साधारण 20 युरोच्या आसपास ठेवतो.

या योजनेचे नियमच दलालाला अडवणारे आहेत. तिकिटं जोडीनेच मिळतात आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन. खुर्ची कोणती, ते आधी कळत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तिकीटखिडकीवर जाऊन तिकीट हातात घेतल्यावरच जागा समजते. ती अगदी मंचासमोर असू शकते किंवा सगळ्यात वरच्या कोपऱ्यात. जागाच माहीत नसलेलं तिकीट चढ्या भावाने विकणं अवघड, ही त्यातली खुबी.

घोटाळे होतात ते नेहमी ठरावीक जागी. विक्रीच्या ऑनलाइन रांगेत शिरल्यावर पान पुन्हा पुन्हा ताजं केलं की आपला क्रमांक जाऊन आपण मागे फेकले जाऊ शकतो. तिथे हात आवरा. खातं, मोबाइल क्रमांक आणि पैसे भरण्याची पद्धत आदल्या रात्री तपासून ठेवा. बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो नेटवर्क असलेल्या खोलीत, हाताशी ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा आधीच संपलेली नाही ना, तेही पाहा. पैसे अडकले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी 'माझी तिकिटं' या पानावर नोंद झाली आहे का ते बघा.

अनोळखी माणसाकडून तिकिटाची पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट कधीच घेऊ नका. एकच क्यूआर कोड दहा जणांना विकता येतो आणि दारावर जो आधी पोहोचेल त्याचाच चालतो. उरलेल्या नऊ जणांचे पैसे गेले.

या बँडची आणखी एक गोष्ट भारतातल्या आयोजकांनी उचलावी अशी आम्हाला फार वाटते. कर्णबधिर श्रोत्यांसाठी ते सांकेतिक भाषेतले दुभाषे आणि 'सबपॅक' नावाची जॅकेटं ठेवतात. हे जॅकेट घातलं की ढोल आणि बासचे ठोके पाठीवर कंपनांच्या रूपात जाणवतात. नव्या मुंबईच्या कार्यक्रमांना ज्यांना तिकीटच मिळालं नाही त्यांच्यासाठी 26 जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला गेला.

नाशिक: एवढा मोठा गायक असतो, त्याने मनात आणलं तर तिकीट स्वस्त होणार नाही का? 'माझ्या हातात नाही' ही सबब वाटते.

काही वेळा सबब असते आणि काही वेळा अगदी खरं असतं. हे समजायला तिकिटाच्या पैशाची वाट माहीत हवी. छापील किमतीतून सभागृह, आयोजक, ध्वनी-प्रकाश, वाहतूक आणि कर यांचं वजा होऊन उरतं ते कलावंताचं. त्या किमतीच्या वर तिकीट विकणारी कंपनी जे सेवाशुल्क लावते, ते बहुतेक वेळा कंपनी आणि सभागृह आपसात वाटून घेतात. गायकाची त्यावर सहसा सत्ता नसते.

सिअ‍ॅटलच्या पर्ल जॅम या बँडने ही सत्ता मिळवायचा प्रयत्न केला. 1994 मध्ये त्यांची मागणी साधी होती. तिकीट 18 डॉलर आणि सेवाशुल्क त्याच्या दहा टक्के, म्हणजे 1.80 डॉलर. टिकेटमास्टर कंपनी त्याला तयार झाली नाही. बँडने अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली आणि 30 जून 1994 रोजी स्टोन गोसार्ड आणि जेफ अ‍ॅमेंट या बँडमधल्या दोघांनी अमेरिकन काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) उपसमितीपुढे साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्यांनी त्या कंपनीला वगळून दौरा आखला आणि तिथे तो अडखळला. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या सभागृहांचे त्या कंपनीशी एकट्यानेच तिकिटं विकण्याचे करार होते. त्यामुळे बँडला गावाबाहेरची मैदानं शोधावी लागली. तिथे कुंपण, पाणी, शौचालयं, पोलीस बंदोबस्त, सगळं नव्याने उभं करायचं. तारखा बदलल्या, काही खेळ रद्द झाले. जुलै 1995 मध्ये न्याय विभागाने चौकशी थांबवली आणि 1998 पर्यंत बँड पुन्हा त्याच कंपनीमार्फत तिकिटं विकू लागला.

ते हरले असं म्हणणारे आहेत. आम्हाला तसं वाटत नाही. मोठी लढाई गेली, तरी आपल्या हातात काय काय आहे ते त्यांनी नीट ओळखलं. त्यांचं 'टेन क्लब' हे चाहता-मंडळ सभासदांसाठी आधीच तिकिटं राखून ठेवतं आणि जागा ज्येष्ठतेने देतं. ज्याचं सभासदत्व जुनं, त्याची खुर्ची पुढची. पैसे जास्त मोजून हा क्रम ओलांडता येत नाही.

दुसरं उदाहरण 2023 मधलं, इंग्लंडच्या द क्युअर या बँडचं. अमेरिकेच्या दौऱ्यासाठी बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी काही जागा 20 डॉलरला ठेवल्या. मागणी वाढली की भाव चढवणारी पद्धत नाकारली. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोयही बंद ठेवली. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडो या राज्यांत कायदा तशी बंदी घालू देत नाही, म्हणून फक्त तिथे ती खुली होती. तरीही विक्रीच्या दिवशी लोक हबकले. 20 डॉलरच्या चार तिकिटांवर 90 डॉलरहून अधिक शुल्क! स्मिथ यांनी जाहीरपणे टिकेटमास्टर कंपनीला जाब विचारला. परिणामी कंपनीने सर्वांत स्वस्त तिकिटांमागे 10 आणि बाकीच्या तिकिटांमागे 5 डॉलर परत केले. ज्यांनी आधी घेतली होती त्यांनाही. पुढे पुनर्विक्रीच्या बाजारात विकायला लावलेली सुमारे 7,000 तिकिटं रद्द करण्यात आली.

रक्कम लहान वाटेल. पण जे शुल्क बदलताच येत नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, ते काही दिवसांत बदललं.

याहून टोकाचा मार्ग वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने धरला. त्यांचं तिकीट साधारण 5 डॉलर, आणि कार्यक्रमाला सर्व वयाच्या मुलांना प्रवेश. हे जमलं कारण त्यांनी खर्चाचीच मुळं छाटली. व्यवस्थापक ठेवला नाही, दौऱ्याच्या तारखा बँडचे गायक इयान मॅकाय स्वतः फोनवर ठरवायचे, स्वतःच्या नावाचे टी-शर्ट विकले नाहीत आणि ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच डिस्कॉर्ड कंपनीतून काढल्या. दारूच्या विक्रीवर चालणारी ठिकाणं मुलांना आत घेत नसत, म्हणून ते चर्चचे हॉल आणि सामाजिक सभागृहं शोधत. गर्दीत कुणी दुसऱ्यांना धक्काबुक्की करू लागला तर गाणं थांबवून त्याला पाच डॉलर परत देत आणि बाहेरचा रस्ता दाखवत. त्यासाठी पैशांची पाकिटं तयार असायची.

तेव्हा 'माझ्या हातात नाही' असं कुणी म्हटलं, तर तीन गोष्टी तपासा: चढउताराचा भाव त्याने नाकारला का, चाहत्यांसाठी तिकिटं राखून ठेवली का, आणि पुनर्विक्रीवर मूळ किमतीची मर्यादा घातली का. या तिन्ही बाबतीत मोठ्या कलावंताचा शब्द बराच चालतो.

रत्नागिरी: कार्यक्रमात मोबाइलवर रेकॉर्डिंग करावं की नाही? काही कलावंत म्हणे स्वतःच परवानगी देतात.

देतात, आणि त्यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या बँडचं. त्यांचे चाहते सुरुवातीपासून टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. पण मायक्रोफोनच्या उंच काठ्यांमुळे मागच्यांना मंच दिसेना आणि ध्वनिमिश्रण करणाऱ्याचीही दृष्टी अडू लागली. बंदी घालण्याऐवजी ऑक्टोबर 1984 मध्ये बर्कली कम्युनिटी थिएटरच्या कार्यक्रमांपासून त्यांनी ध्वनिमिश्रकाच्या टेबलामागे टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आखून दिली आणि तिची तिकिटं वेगळी काढली. अट एकच: टेप अदलाबदलीसाठी, विकायची नाही.

नव्याने येणाऱ्यासाठीही वाट होती. 90 मिनिटांच्या दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, जुना चाहता त्यावर कार्यक्रम उतरवून परत पाठवायचा. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढत जाई, म्हणून कॅसेटवर ती कितव्या पिढीची प्रत आहे हे लिहायची शिस्त होती. 8 मे 1977 चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम टेपांच्या अशाच अदलाबदलीमुळे घरोघर पोहोचला आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत समाविष्ट झाला. पर्ल जॅमने आपल्या 2000 सालच्या दौऱ्याची 72 ध्वनिमुद्रणं स्वतःच स्वस्तात बाजारात आणली. मेटालिका हा बँड 2004 पासून आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे विकतो.

आपल्याकडे नियम साधा ठेवा. फलकावर किंवा तिकिटावर मनाई असेल तर फोन खिशात. मनाई नसेल तरी शास्त्रीय मैफलीत आधी विचारा. वाद्यांची जुळवाजुळव चालू असताना नव्हे, मैफलीच्या आधी आयोजकामार्फत. परवानगी मिळालीच तर फोन छातीच्या उंचीवर ठेवा, पडद्याचा उजेड सगळ्यात कमी करा, फ्लॅश बंद ठेवा आणि फोन विमान-अवस्थेत टाका. रिंग वाजणार नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये नेटवर्कची गुरगुरही येणार नाही. पहिल्या तीन रांगांत, ध्वनिवर्धकाच्या तोंडापाशी बसलं की रेकॉर्डिंगमधला आवाज फाटतो. सभागृहाच्या मध्यभागी, साधारण दोन-तृतीयांश मागे, फोनलाही रेकॉर्डिंग चांगलं पेलतं.

अकोला: माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला परदेशी गायिकेला पत्र लिहायचं आहे. उत्तर येतं का? कसं लिहावं?

जरूर लिहू द्या. उत्तराची खात्री मात्र देऊ नका.

पत्रांना उत्तरं देण्याचं आदर्श काम कुणी केलं असेल तर बीटल्सच्या चाहता-मंडळाच्या सचिव फ्रीडा केली यांनी. लिव्हरपूलची ही तरुण मुलगी गाड्या भरून येणारी पत्रं हाताळायची आणि चाहत्याला मिळेल ते अस्सलच असलं पाहिजे यावर अडून बसायची. एका मुलीने बीटल्समधल्या रिंगो स्टार यांनी डोकं टेकवावं म्हणून उशीचा अभ्रा पाठवला, तर तो थेट त्यांच्या आईकडे पोहोचवून तसं करवून घेतलं. बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसन यांच्या आई लुईझ स्वतः मुलाच्या चाहत्यांना पत्रं लिहीत. पत्रांचा ढीग उपसेना, तेव्हा मंडळाने दर नाताळात सभासदांना एक पातळ, लवचीक ध्वनिमुद्रिका फुकट पाठवायला सुरुवात केली. त्यावर चौघांच्या गप्पा, गाण्यांचे तुकडे, शुभेच्छा असत. 1963 ते 1969 अशा सात नाताळांना ती गेली. ती पातळ होती म्हणून टपालखर्च परवडला.

तोच रिंगो 2008 साली व्हिडिओ काढून सांगतो, की 20 ऑक्टोबरनंतर आलेल्या पत्रांना उत्तर देणार नाही, सह्याही नाहीत. त्यावर पुष्कळ टीका झाली. आम्हाला ती अन्यायाची वाटते. चार दशकांहून अधिक काळ सह्या देऊन झाल्यावर माणूस तारीख सांगून थांबत असेल, तर ते उत्तर न देता पत्रं टोपलीत टाकण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

आता पत्र. एकच पान, हाताने लिहिलेलं, वाचता येईल अशा अक्षरात. पहिल्या दोन ओळींत वय, गाव, देश. 'तुमची सगळी गाणी आवडतात' हे हजारो लिहितात. तिला नेमकं कोणतं गाणं, त्यातली कोणती जागा, आणि ते कधी ऐकते, हे लिहू द्या. मागणी एकच ठेवा. सही, फोटो, व्हिडिओ आणि फोन असं सगळं मागितलं की एकही मिळत नाही. पत्ता गायिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरचा, चाहता-मंडळाचा किंवा व्यवस्थापन कंपनीचा घ्या. कुणी 'घरचा पत्ता' म्हणून फिरवत असेल तर त्यावर पाठवू नका. आत परतीचं पाकीट घातलं तरी त्यावर भारतीय टपाल तिकिटं लावून उपयोग नाही. परदेशातून परत येताना ती चालत नाहीत. स्वतःच्या पत्त्याची छापील चिठ्ठी पुरते. परतीचा पत्ता आई किंवा वडिलांच्या नावाचा द्या आणि शाळेचं नाव लिहू नका. रोख पैसे, मूळ फोटो, खाऊ यांतलं काहीही पाकिटात घालू नका. खाऊ सीमाशुल्कात अडकतो आणि कलावंतांची माणसं अनोळखी खाद्यपदार्थ सहसा टाकूनच देतात. त्यांचंही बरोबर आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: पत्र टाकल्यावर किंवा एखाद्या पोस्टवर प्रतिक्रिया लिहिल्यावर त्या गायिकेच्या नावाने खासगी संदेश आला, तर तो खोटा धरा. 'चाहता-कार्ड', 'खास भेटीचं शुल्क', 'गिफ्ट कार्डाचा क्रमांक' हे शब्द आले की संभाषण तिथेच बंद. खरा कलावंत चाहत्याकडे असे पैसे मागत नाही. मुलीला हे पत्र लिहायच्या आधीच सांगून ठेवा.

पुणे: स्वाक्षरी खरी की यंत्राची, कसं ओळखायचं? आणि सीडीवर घेतलेली सही पुसली जाते, त्याला उपाय?

2022 मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या 900 प्रती हाताने सही केलेल्या म्हणून 599 डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले आणि सह्या तंतोतंत जुळल्या. त्या सहीची नक्कल उमटवणाऱ्या यंत्राच्या निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलन यांनी चक्कर येण्याच्या त्रासाचं आणि साथीच्या काळाचं कारण सांगून जाहीर माफी मागितली.

ओळखण्याची रीतही यातच आहे. माणसाच्या दोन सह्या कधीच एकावर एक बसत नाहीत. दोन बसल्या तर यंत्र. भिंगातून पाहिलं तर यंत्राच्या रेषेचा दाब सगळीकडे सारखा असतो, सुरुवातीला आणि शेवटी पेन थांबल्याचा ठिपका दिसतो आणि वळणांवर बारीक थरथर असते. हाताची रेषा सुटताना निमुळती होत जाते.

सही पुसते ती पृष्ठभागामुळे. सीडीची प्लास्टिकची डबी पुढे करू नका. आतली पुस्तिका काढून सही येईल ते पान उघडून द्या. गुळगुळीत कागदावर बोटांचा तेलकटपणा असेल तर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, म्हणून आधी कोरड्या मऊ कापडाने पुसा. फिक्या रंगावर काळा पर्मनंट मार्कर, गडद रंगावर चंदेरी पेंट-मार्कर. पेंट-मार्कर हलवून, रद्दी कागदावर टोक दाबून शाई सुरू करूनच कलावंताच्या हाती द्या, नाहीतर सहीच्या जागी डाग पडतो. बॉलपेन टाळा. चकचकीत कागदावर त्याची शाई धरत नाही आणि चरा मात्र पडतो. सही झाल्यावर पुस्तिका पाच मिनिटं उघडी ठेवा. सगळे इथेच घाई करतात.

छत्रपती संभाजीनगर: आमच्या शहरात अरिजित सिंग यांचा हात चाहतीने ओढला होता. इतकं होऊनही ते रागावले नाहीत. कलावंताला किती जवळून भेटावं?

मे 2023 मधली गोष्ट. हस्तांदोलन करताना हात ओढला गेला आणि दुखापत झाली. त्यांनी मंचावरूनच शांतपणे समजावलं, की मी गाऊ-वाजवू शकलो नाही तर तुम्हालाही आनंद मिळणार नाही. त्यांचा संयम मोठा होता, पण त्या संयमाच्या भरवशावर राहणं बरोबर नाही. कोरियाच्या बीटीएस या बँडमधले गायक जिन लष्करी सेवा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 13 जून 2024 रोजी, सोलमध्ये 1,000 चाहत्यांना एकेक करून मिठी द्यायला उभे राहिले. त्यातही कुणी संमती नसताना चुंबन घ्यायचा प्रयत्न केला आणि प्रकरण पोलिसांत गेलं. असं झालं की पुढचे सगळे कार्यक्रम जाळीआड जातात आणि शिक्षा बाकीच्या नऊशे नव्याण्णवांना होते.

हात पुढे करू नका, कलावंताने केला तर हलका धरा आणि सोडा. तबला, सतार, सरोद वाजवणाऱ्याचा हात दाबू नका. दोन तास वाजवल्यावर बोटं आधीच सुजलेली, चिरलेली असतात. नमस्कार सगळ्यात उत्तम. वाद्याला विचारल्याशिवाय स्पर्श नाही, खोळीलाही नाही.

उभ्या गर्दीतल्या कार्यक्रमाबद्दल एवढं लक्षात ठेवा. एका चौरस मीटरमध्ये पाचपेक्षा जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो, आणि चहूबाजूंनी अंगाला अंग लागणं हीच त्याची खूण. अशा वेळी दोन्ही हात छातीसमोर मुठी करून धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेच्या उलट ढकलू नका, ती ओसरली की तिरपं सरकत कडेला या. पडलेला फोन उचलायला वाकू नका. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅमच्या कार्यक्रमात गर्दीत चिरडून नऊ तरुण गेले. एखादा गायक गाणं थांबवून 'दोन पावलं मागे व्हा' म्हणाला, तर कुरकुर न करता मागे व्हा.

न्यू जर्सी: आमच्या मराठी मंडळाने शास्त्रीय गायिकेचा कार्यक्रम ठेवला आहे. दोनशे श्रोत्यांना त्यांना भेटायचं आहे. गोंधळ न होता कसं जमवावं?

आधी त्यांना विचारा, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक ठेवून विचारा. हे तारखा ठरवतानाच व्हायला हवं. मैफल संपल्यावर पडद्यामागे विचारलं की त्यांना नकार देता येत नाही.

मग हिशेब मांडा. एकेकाला फोटोसह 20 सेकंद दिले तर दोनशे जणांना 67 मिनिटं लागतात. अडीच तास गायलेल्या माणसाला हे झेपणारं नाही. चौघाचौघांचे गट केले तर पन्नास गट आणि सतरा मिनिटं. कुटुंबं एकत्रच आलेली असतात, त्यामुळे कुणाला वाईटही वाटत नाही. फोटो मंडळाच्या एकाच कॅमेऱ्याने काढा आणि नंतर सगळ्यांना दुवा पाठवा. वेळ फोटोत जात नाही, फोनचं कुलूप उघडण्यात जातो.

मैफल संपल्यावर पंचवीस मिनिटं कुणालाही आत सोडू नका. तानपुरे उतरवायचे असतात, घाम वाळायचा असतो, घोटभर पाणी हवं असतं. पाणी कोमट किंवा साधं, बर्फाचं नको. भेटीची जागा उपाहारगृहाशेजारी ठेवू नका. गोंगाटावर आवाज चढवून बोलणं दमलेल्या गळ्याला गाण्यापेक्षा जास्त त्रास देतं. पाठीची खुर्ची, समोर टेबल, एक बाजू येण्याची आणि दुसरी जाण्याची. ज्येष्ठ आणि लहान मुलं आधी. साथीदारांच्या खुर्च्याही त्याच रांगेत मांडा. तबलजी आणि हार्मोनियमवाले कोपऱ्यात उभे आणि गायिकेभोवती गर्दी, हे फार ठिकाणी दिसतं आणि ते शोभत नाही.

सभागृह एक तास जास्तीचं घ्या. शाळेची सभागृहं वेळेवर बंद होतात आणि मग भेट पार्किंगमध्ये होते. पुष्पगुच्छाऐवजी एक फूल द्या, विमानप्रवासात गुच्छ सांभाळणं अवघड जातं.

कोल्हापूर: तिकीट काढूनही गर्दीमुळे आत जाता आलं नाही तर पैसे मिळतात का? कलावंताची जबाबदारी किती?

कायद्याने उत्तरदायी आयोजक. पण मोठा कलावंत तिथे थांबत नाही. 10 सप्टेंबर 2023 रोजी चेन्नईजवळ ए. आर. रहमान यांच्या कार्यक्रमात हेच झालं. पावसामुळे ऑगस्टमधून पुढे ढकललेला तो कार्यक्रम, त्याला प्रचंड गर्दी झाली आणि तिकीट हातात असून अनेकांना आत जाता आलं नाही. रहमान यांनी माफी मागितली, आत येऊ न शकलेल्यांना तिकिटाची प्रत आणि तक्रार पाठवायला सांगितलं आणि पैसे परत करण्यात आले.

तुमच्याकडे पुरावा हवा: तिकिटाची मूळ ई-मेल, पैसे गेल्याची नोंद, आणि बंद दाराचा वेळ दिसेल असा फोटो. तक्रार चोवीस तासांत लेखी करा. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

डोंबिवली: मैफलीत फर्माईश करावी का? कलावंत रागावतात का?

योग्य वेळी केली तर बहुतेकांना आवडते. लहान चिठ्ठीवर, मध्यंतरात, आयोजकाच्या हाती द्या. राग सुचवताना वेळ पाहा, रात्री तोडीसारखा सकाळचा राग मागू नका. पूर्वार्धात भैरवीची चिठ्ठी तर मुळीच नको, कारण भैरवी म्हणजे मैफलीची सांगता. बंदिश किंवा अभंग नेमका लिहा आणि 'जमल्यास' हा शब्द घाला. मुख्य राग चालू असताना ओरडून मागणी केली तर ती पुरी होत नाही, आणि शेजारच्यांचा विलंबित ख्यालही जातो.